जाळ्याला आवर कोण घालतं, आणि आईची मूठ का आवळते

ऐरोलीच्या एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांची आई ६८ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला आणि उजवी बाजू गेली. चालणं बरंच सुधारलं, खांदा-कोपर थोडं हलतं, पण गेल्या दीड महिन्यात उजवी मूठ आवळत चालली आहे. फिजिओ म्हणतात, "मेंदू नव्या जोडण्या करतोय, वेळ द्या." हे स्वतः राज्य भार प्रेषण केंद्रात, म्हणजे राज्यातल्या विजेचा भार क्षणाक्षणाला सांभाळणाऱ्या 'लोड डिस्पॅच' केंद्रात, शिफ्ट ड्यूटी करतात, म्हणून त्यांना पडलेला प्रश्न खास त्यांचाच आहे: जोडण्या नुसत्या वाढत गेल्या तर सगळं जाळं एकदम ओव्हरलोड का होत नाही? मेंदूत लोड डिस्पॅच कोण करतं? मूठ आवळणं ही सुधारणा की बिघाड? आणि एका ठिकाणी चुंबकाच्या मशीनची वीस सिटिंगं घ्यायला सांगितलीत, ती घ्यावीत का?

नौपाड्यात मी बावीस वर्षं न्यूरो-फिजिओथेरपी करते. तुमच्यासारखा प्रश्न विचारणारे फार थोडे भेटतात. बहुतेकांना "कबुतराचं रक्त चोळू का" एवढंच विचारायचं असतं. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी एक तातडीचं काम. आईंच्या हातात दाबायला स्पंजचा बॉल दिला असेल तर तो आजच काढून घ्या. दहांपैकी सात-आठ घरांत मला तो बॉल दिसतोच. ज्या हाताची अडचण उघडण्याची आहे, त्याला दिवसभर मिटण्याचा सराव कशाला? हे एवढं ठाम का म्हणते ते पुढे कळेल.

तुमचा पहिला प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो. मेंदू शिकतो कसा, याचं सर्वांना पाठ असलेलं सूत्र कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडलं: एक पेशी दुसरीला पेटवण्यात वारंवार हातभार लावत असेल, तर त्या दोघींमधली जोडणी घट्ट होते. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत ते प्रत्यक्ष दाखवलं. एका वाटेवर थोडा वेळ जलद विजेचे ठोके दिले, तर ती वाट पुढे कित्येक तास जास्त जोराने बोलत राहिली. पण नुसता हाच नियम चालू दिला तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. जोडणी घट्ट झाली की पेशी जास्त पेटणार, जास्त पेटली की जोडणी आणखी घट्ट. यात परत फिरायची वाटच नाही. असं जाळं एक तर फिट येऊन पेटेल, नाहीतर शेवटी गप्प पडेल.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडचे दिवे गेले होते. मी तेव्हा एका आजोबांना टिल्ट टेबलवर, म्हणजे पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभं करणाऱ्या विजेच्या टेबलावर, साठ अंशांत उभं केलं होतं. टेबल तिथेच थांबलं. मी आणि माझ्या सहकारी, आम्ही दोघींनी त्यांना पट्टे सोडून धरून खाली घेतलं. आजोबा शांतपणे म्हणाले, "आता तुमच्या टेबलाला पॅरालिसिस झाला." एक लाइन गेली की तिचा भार बाकीच्यांवर पडतो, त्या तापतात, त्याही सुटतात, हे तुमचं रोजचं जग. मेंदूत तसं रोज का होत नाही?

याची दोन उत्तरं आहेत, एक जलद आणि एक सावकाश. जलद उत्तर म्हणजे ब्रेक. मेंदूच्या वरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, दर दहा पेशींमागे साधारण आठ पेशी पुढच्या पेशीला 'चल' म्हणतात आणि दोन 'थांब' म्हणतात. थांबवणाऱ्या थोड्या, पण मोक्याच्या जागी बसलेल्या असतात. त्यांचा रासायनिक निरोप म्हणजे गाबा. हे काम काही हजारांश सेकंदांत होतं.

सावकाश उत्तर मला जास्त आवडतं, आणि तुमच्या आईंच्या मुठीशी तेच जोडलेलं आहे. १९९८ मध्ये जीना टुरिजियानो आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या कॉर्टेक्समधल्या पेशी बशीत वाढवल्या. त्या आपापसांत जाळं करून पेटत होत्या. एका बशीत त्यांनी फुगा माशाचं विष घालून सगळ्यांना गप्प केलं, दुसरीत औषध घालून गाबाचा ब्रेक काढून टाकला. ब्रेक काढलेल्या पेशी आधी बेफाम पेटल्या, पण दोन दिवसांत पुन्हा जवळजवळ मूळ वेगावर आल्या. औषध तसंच होतं, पेशींनीच आपल्याकडे येणाऱ्या जोडण्यांचा जोर उतरवला होता. गप्प केलेल्या बशीत उलटं झालं. दोन दिवस काहीच ऐकू आलं नाही म्हणून पेशींनी कान टवकारले आणि प्रत्येक जोडणीचा जोर चढवला.

त्यातली खुबी अशी की जोर टक्केवारीने बदलतो. तुमच्याकडे महागाई भत्ता वाढतो तसा. सगळ्यांच्या मूळ पगारावर सारखाच टक्का, म्हणून एकूण खर्च बदलतो पण कोण कोणाच्या वर हा क्रम तसाच राहतो. पेशीनेही सगळ्या जोडण्या सारख्या प्रमाणात वरखाली केल्या, तर शिकलेलं पुसलं जात नाही आणि एकूण गोंगाट आवाक्यात राहतो.

आता लोड डिस्पॅचचं. तुमच्याकडे वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायला खोलीभर माणसं बसलेली असतात. मेंदूत अशी खोलीच नाही. प्रत्येक पेशी स्वतःचाच मीटर वाचते. पेटताना पेशीत कॅल्शियम शिरतं, आणि त्याच्या सरासरीवरून तिला कळतं की आपण नेहमीपेक्षा जास्त चाललोय की कमी. कमी चाललो तर कान मोठे करायचे, नव्या तारा ओढायच्या. जास्त चाललो तर तारा सोडायच्या. तिला आईंचा हात माहीत नाही, चहाचा कप माहीत नाही. आपली सरासरी राखणं एवढंच तिला कळतं.

हे बशीतलंच नाही. उंदराच्या डोळ्याच्या पडद्यावर छोटीशी जखम केली की मेंदूतला त्या भागाचा तुकडा एकदम मुका होतो. तारा आल्यात, पण त्यांतून काही येत नाही. तारा केक नावाच्या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने हा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली आठवडेच्या आठवडे पाहिला. पेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात, त्यांवर जोडण्या बसतात. जखमेनंतर त्या तुकड्यात काट्यांची ये-जा कितीतरी वाढली, आणि पुढे जवळजवळ सगळे काटे नवे झाले. थांबवणाऱ्या जोडण्या आधी कमी झाल्या. मुका झालेला तुकडा शेजाऱ्यांचं ऐकू लागला.

बुट्झ आणि व्हॅन ओयेन यांनी २०१३ मध्ये हेच संगणकावर उभं केलं. पेशीला फक्त एकच नियम दिला: सरासरी कमी पडली की जोडण्यांचे कोंब काढ, जास्त झाली की आत घे. त्यातून उंदरात दिसलेली बरीचशी फेररचना आपोआप उभी राहिली. पण एक अट घालावी लागली. पेशी अगदीच गप्प असेल तर कोंब फुटत नाहीत, थोडी तरी हालचाल आत हवी. संगणकातलं मॉडेल म्हणजे काही पेशंट नव्हे, हे मान्य. तरी माझ्या टेबलावर मला दिसतं ते याच्याशी जुळतं. ज्या हाताकडे घरच्यांनी पूर्ण पाठ फिरवलेली असते, तो हात सहा महिन्यांनीही तिथेच असतो.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण हाच नियम मूठही आवळतो.

आईंच्या मेंदूतून उजव्या हाताकडे उतरणाऱ्या तारा तुटल्या. त्या तारांच्या खालच्या टोकाला, मणक्याच्या आत, स्नायू चालवणाऱ्या पेशी बसलेल्या आहेत आणि त्या जिवंत आहेत. त्यांना वरून येणारे हुकूम एकदम बंद झाले. पहिले दोन-तीन आठवडे हात लुळा होता ना? नेहमीचं ऐकू येईना म्हणून ह्या पेशींनी मग कान मोठे केले. वरचा आवाज येत नाही, पण स्नायूतून येणारा ताणाचा निरोप तेवढा येत होता. आता त्या त्याच निरोपाला जोरजोराने ओरडून उत्तर देतात. तारा तुटलेली पेशी जास्त संवेदनशील होते, हे वॉल्टर कॅनन यांनी १९३९ मध्येच नियम म्हणून मांडलं होतं. मणक्याला इजा झालेल्या उंदरांत २०१० मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. पेशीतलं क्लोराइड बाहेर टाकणारा पंप कमी होतो, आणि मग गाबाचा ब्रेक दाबूनही गाडी नीट थांबत नाही. तुमच्या आईंचा स्ट्रोक आहे, मणक्याची इजा नाही, पण दिशा तीच.

म्हणजे मूठ आवळणं ही सुधारणा नाही आणि नवा अटॅकही नाही. पेशींनी आपली सरासरी राखली, हाताचा उपयोग त्यांना माहीत नव्हता. ढोल-ताशा पथकात वर्षानुवर्षं वाजवलेल्या मुलांच्या कानात रात्री शिट्टी वाजते, त्याचंही बऱ्यापैकी मान्य असलेलं स्पष्टीकरण हेच आहे. कानाकडून येणं कमी झालं म्हणून आतल्या पेशींनी आवाज वाढवला.

म्हणून "मेंदू नव्या जोडण्या करतोय, वेळ द्या" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. जोडण्या होणारच. कशाशी होणार, हा खरा प्रश्न आहे, आणि फक्त वेळ दिला तर जो निरोप सगळ्यात स्वस्त तोच जिंकतो.

रँडॉल्फ नुडो यांनी १९९६ मध्ये माकडांवर केलेलं काम आमच्या धंद्याचा पाया आहे. मेंदूतल्या हाताच्या भागात छोटा स्ट्रोक घडवला. सराव न दिलेल्या माकडांत, स्ट्रोकमधून वाचलेला शेजारचा हाताचा भागही पुढच्या आठवड्यांत कमी होत गेला. दुखापत न झालेली जागासुद्धा गेली! ज्यांना छोट्या खळग्यांतून खाऊ उचलायला लावलं, त्यांच्यात ती जागा टिकली, काहींत कोपर-खांद्याच्या हद्दीत पसरलीसुद्धा.

माणसांत याची मोठी चाचणी २००६ मध्ये आली. २२२ पेशंट, स्ट्रोकला तीन ते नऊ महिने झालेले. चांगल्या हाताला जाड हातमोजा घालून जागेपणीचा बहुतेक वेळ तो अडवायचा आणि दोन आठवडे वाईट हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यायचं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा हे लोक बरेच पुढे गेले, आणि वर्षभरानंतरही फरक टिकला. पण त्यांत तेच घेतले होते ज्यांना मनगट आणि बोटं निदान दहा अंश मागे उचलता येत होती. आईंना आज तेवढं येतंय का, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. येत नसेल तर हातमोजा घालायची घाई नको. नाहीतर बाई फक्त चिडतील.

मग जितकं जास्त आणि जितकं लवकर तितकं बरं का? नाही. २०१५ मध्ये दोन हजारांवर पेशंटची चाचणी प्रसिद्ध झाली. स्ट्रोकनंतर चोवीस तासांच्या आत जास्त वेळा उठवून हलवलेल्या गटाचा तीन महिन्यांचा निकाल नेहमीच्या गटापेक्षा थोडा वाईटच निघाला. उंदरांत तर आणखी स्पष्ट आहे. स्ट्रोकच्या कडेच्या भागात ब्रेक जास्त दाबलेला राहतो. तो तिसऱ्या दिवसापासून औषधाने सैल केला तर हात सुधारतो. पहिल्याच दिवशी सैल केला तर जखम वाढते. २०१० चं हे काम मी शिकाऊ मुलींना दरवर्षी सांगते, कारण त्यांना सगळ्यांना पहिल्याच दिवशी हिरोइन व्हायचं असतं. तुम्ही चार महिन्यांवर आहात, ती खिडकी केव्हाच मागे गेली. आता भिऊन काम कमी करायचं कारण नाही.

वेळेची दुसरी बाजू आहे क्षणांची, आणि घरच्यांना मी सगळ्यात जास्त तीच समजावते. १९९८ मध्ये बी आणि पू यांनी दाखवलं की आधीची पेशी पुढच्या पेशीच्या काही हजारांश सेकंद आधी पेटली तर जोडणी वाढते, नंतर पेटली तर घटते. सगळा खेळ वीस-पंचवीस हजारांश सेकंदांचा. मालिशवाले दादा येऊन अर्धा तास हात वर-खाली करतात आणि आई मालिका बघत असतात, तेव्हा सांधे मोकळे राहतात, ते चांगलंच आहे. पण वरून 'उघड' हा हुकूम निघालेलाच नसतो, मग तो कशाशी जुळणार? उलट आईंनी जीव एकवटून बोट उचलायचा प्रयत्न केला आणि त्याच क्षणी तुम्ही बोटाला खालून नुसता आधार दिला, तर हुकूम, हालचाल आणि स्नायूतून परत येणारी जाणीव एकत्र येतात. तुम्ही अंदाजाने हात लावता, तुम्हाला हजारांश सेकंद कळत नाहीत. पण आधी प्रयत्न आणि मग मदत, हा क्रम तुम्ही नक्की राखू शकता.

याच तत्त्वावर मानेतल्या व्हेगस नसेला हालचालीच्या क्षणीच हलका विजेचा ठोका देणारं यंत्र निघालंय. २०२१ मध्ये १०८ पेशंटची चाचणी आली, आणि अमेरिकेत त्याच वर्षी मान्यता मिळाली. ठोका तोच, पण सरावाच्या क्षणाशी बांधलेला. ते शस्त्रक्रियेने छातीत बसवायचं उपकरण आहे, तुम्ही त्याच्यामागे लागा असं म्हणत नाही.

चुंबकाच्या मशीनबद्दल. कवटीवर गुंडाळी धरून चुंबकाचे ठोके देतात. साधारण सेकंदाला एक दिला तर खालचा भाग थोडा शांत होतो, पाच किंवा जास्त दिले तर थोडा जागा होतो. कल्पना अशी की चांगली बाजू जखमी बाजूला दाबून ठेवते, म्हणून तिला शांत करायचं. कल्पना छान आहे. पण २०१८ मध्ये १९९ पेशंटवर हीच पद्धत तपासली. खऱ्या मशीनचा आणि खोट्या मशीनचा, दोन्ही गटांत साधारण दोन-तृतीयांश लोक सुधारले. दोन्ही गटांत चांगला हाताचा सराव चालू होता, हे लक्षात घ्या. छोट्या चाचण्यांत चांगले निकालही आहेत, आणि डिप्रेशनमध्ये मशीनचा उपयोग पक्का आहे. पण केवळ मुठीसाठी वीस सिटिंगांचे पैसे? मी माझ्या आईसाठी दिले नसते. तेच पैसे आठवड्यातून तीन दिवस घरी येणाऱ्या चांगल्या न्यूरो-फिजिओला द्या. आणि पेशंटला पूर्वी फिट आली असेल तर मशीनवाल्यांनी ते आधी विचारायला हवं. विचारलं नसेल तर तिथून उठा.

मूठ फारच घट्ट असेल, नखं तळव्यात रुतत असतील, तर न्यूरोलॉजिस्टना बोट्युलिनमच्या इंजेक्शनबद्दल विचारा. स्नायूला जाणारा रासायनिक निरोप ते साधारण तीन महिने अडवतं. गंमत म्हणजे तिथेही हाच नियम दिसतो. अडवलेल्या नसेच्या टोकाला नवे कोंब फुटतात आणि स्नायू पुन्हा बोलू लागतो. हे तीन महिने बोनसचे. त्यात उघडण्याचा सराव करून घेतला तर ठीक. नुसतं इंजेक्शन घेऊन बसलात तर मूठ परत जागेवर.

इंजेक्शनच्याही आधी एक गोष्ट तपासा. मूठ अचानक जास्त आवळू लागली असेल तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणारा खांदा, वाढलेलं नख यांपैकी काही आहे का? खालच्या पेशींना कुठलाही त्रासाचा निरोप चालतो, त्या सगळ्यांवर ओरडतात. कोपरीच्या एका मावशींची मूठ आठवडाभर उघडेना. कारण निघालं अंगठ्याच्या मुळाशी झालेलं कुरूप. आणि हातापायाला ठराविक लयीत झटके आले, किंवा आई मधेच बधिर झाल्यासारख्या वाटल्या, तर माझं हे सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. ती फिट असू शकते.

आता रोजचं. मूठ उघडताना बोटं खेचू नका, खेचलंत की ताणाचा निरोप जातो आणि ती आणखी आवळते. आधी मनगट खाली, तळव्याकडे वाकवा, बोटं आपोआप सैल होतील. मग अंगठा मुळापासून धरून बाहेर काढा, मग बोटं, आणि सगळ्यात शेवटी मनगट सावकाश वर. तळवा टेबलावर उघडा ठेवून आईंना त्यावर थोडा भार टाकू द्या, मिनिटभर, मग काम. काम म्हणजे पकडायचं नाही, सोडायचं. वाटीत रुमालाची घडी नेऊन सोडणे. मटाराची शेंग उजव्या हातात धरून डाव्याने सोलणे आणि साल उजव्याने टाकणे. वीस-वीस मिनिटं, दिवसातून तीनदा, आई ताज्या असताना, मालिका बंद करून. वाती वळायची सवय असेल तर तीही लावा, पण नंतर. तिला बोटांची टोकं लागतात, तिथे सुधारणा सगळ्यात शेवटी पोचते.

तीन आठवड्यांनी कळवा. "बरं वाटतंय" असं लिहू नका, मला त्यातून काही कळत नाही. मिनिटात किती रुमाल सोडले, आणि सोडताना खांदा वर उचलला जातो का, एवढं लिहा.